तिला कुणी सांगितलं?

कामाच्या शोधात बहामा बेटांकडे निघालेली नाव बुडाली आणि तिच्याबरोबर इफानीचा भाऊ जिस्लेनही गेला, हे डोंगरावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. इफानी सोडून. तिला आठवा महिना होता. पोटुशीला धसका बसला की रक्त नासतं आणि डोक्यात चढतं, हे तिथं पोरंटोरंही जाणतात. म्हणून तिच्या नवऱ्यानं, ओरेल्यूसनं, घरोघर जाऊन सगळ्यांना गप्प राहायची शपथ घातली होती.

मंगळवारी इफानीचं डोकं ठणकायला लागलं. चेहरा सुजला. "डोळ्यांपुढं काजवे चमकतायत रे," ती म्हणाली.

ओरेल्यूसनं ताडलं. कुणीतरी बोललं होतं.

संशयित पहिली: त्याची आई.

"तुझीच जीभ घसरली ना?"

"माझी? तुझ्या बापाची लफडी जन्मभर पोटात ठेवली मेल्या, हे एवढंसं ठेवता येईना मला?" नासलेलं रक्त उतरवायला तिनं कडू पाल्याचा काढा चुलीवर चढवला.

संशयित दुसरी: शेजारीण मर्सिलिया.

"मावशी, पाणवठ्यावर तिच्याशी काय बडबडलात?"

"एवढंच म्हटलं, बाई, फार सुजलीस, दवाखाना गाठ. ही बडबड झाली होय?"

त्यानं तेवढंच ऐकलं, की मावशी जिस्लेनबद्दल बोलली नाही.

संशयित तिसरा: रेडिओ. त्याचे सेल ओरेल्यूसच्याच खिशात होते.

संशयित चौथा: पाद्रीबाबा, ज्यांनी रविवारच्या प्रार्थनेत बहुतेक—

आईची किंकाळी.

इफानी जमिनीवर. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, अंग लाकडासारखं ताठ. मग झटके.

दार बिजागरीवरून उखडलं, तिला त्यावर घातलं, चौघांनी उचललं. उतारावर तिला पुन्हा झटके आले, दार थरथरायला लागलं.

दवाखान्यात नर्सनं दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिनं डॉक्टरांना हाक मारली आणि झटके थांबवणारं इंजेक्शन भरलं.

"डोकं कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मंगळवारपासून. तिला धसका बसलाय."

"रक्तदाब चढलाय तिचा. आज शुक्रवार. इतके दिवस काय करत होतात?"

 इतके दिवस ओरेल्यूस विचारत फिरत होता.

बाळ निळं निघालं. रडलं नाही.

इफानीनं डोळे उघडले ते रविवारी. समोरचं धूसर दिसत होतं. तिनं नवऱ्याला आवाजावरून ओळखलं.

"ओरे, जिस्लेनचा फोन आला का रे? बाळाचं नाव तोच ठेवणार म्हणाला होता."

आईनं डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडात कोंबलं.

कुणीच सांगितलं नव्हतं. कुणीच.

"नाही," ओरेल्यूस म्हणाला, "अजून नाही आला."

चादरीखाली इफानीचा हात पोट चाचपत होता.