हनुवटी आत, दहा वेळा

करमशीभाई वघासियाच्या उजव्या अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा त्यानं सहा महिने ते कुणाला कळू दिलं नाही. हिरा घासणाऱ्याचा अंगठा म्हणजे त्याची सगळी इस्टेट. तो बधिर झाल्याची बातमी मॅनेजरच्या कानावर गेली की दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरा माणूस बसलेला असतो, आणि जुन्याचं नावही आठवडाभरात विसरलं जातं. मी असे अकरा जण विसरलोय.

आमच्या कतारगामच्या कारखान्यात एका घंटीभोवती चार जण बसतो. घंटी म्हणजे गरगरणारं बिडाचं चाक, वर तेल आणि हिऱ्याची भुकटी. हातातल्या दांडीच्या टोकाला खडा, डोळ्याला भिंग, आणि मान खाली. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. खडा टेकवायचा, उचलून बघायचा, परत टेकवायचा. मान मात्र उचलायची नाही. उचलून बघणार तरी काय? समोर भिंत, भिंतीवर कॅमेरा.

खड्याला मऊ कागद, त्यावर जाड कागद, त्यावर तिजोरी. माणसाला फूटभर उंचीचं स्टूल आणि दबलेली गादी. त्या स्टुलावर करमशीभाईनं सत्तावीस वर्षं काढली. त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हसमुख. मी मूळचा शिरपूरकडचा, पण मला इथं येऊनही अठरा वर्षं झाली. इथले सगळे मला धनाभाई म्हणतात.

मान दुखते म्हटल्यावर करमशीभाईनं तेच केलं जे इथं सगळे करतात. आधी पानाच्या टपरीवर मिळणारी गोळी. मग न्हाव्याकडं जाऊन मान कडाकड मोडून घेणं. न्हाव्यानं अशी मोडली की दोन दिवस त्याला शर्ट घालता आला नाही. मग मेडिकलमधून गळ्याचा पट्टा आणला. तो कारखान्यात घालायची सोय नाही, म्हणून घरी पोहोचला की घालायचा आणि त्यातच झोपायचा. आणि एक दिवस भर कामात त्याच्या हातातली दांडी सुटली. खडा फुटला नाही, कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

"धना," तो चाकाच्या आवाजाखाली म्हणाला, "बोलू नको."

मी बोललो नाही, पण रविवारी त्याला फोरमबेनकडं घेऊन गेलो. फोरमबेन ठुम्मर फिजिओथेरपिस्ट आहे. फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर तिचं सेंटर. माझ्या बायकोचे गुडघे तिनंच ठीक केले होते.

तिनं आधी काही तपासलंच नाही. एक बुटकं स्टूल पुढं सरकवलं आणि म्हणाली, "काका, घंटीवर बसता तसं बसा."

करमशीभाई बसला. ती त्याच्या बाजूला उकिडवी बसून नुसती बघत राहिली.

"हे स्टूल कुणी दिलं?"

"कारखान्यानं."

"आणि मान?"

"ती आईनं," करमशीभाई म्हणाला.

"मग कारखान्याच्या वस्तूसाठी आईची वस्तू का मोडता?"

तो हसला. हसताना मान दुखली, म्हणून मध्येच थांबला. तिनं गळ्याचा पट्टा मागून घेतला. "किती महिने घातला?"

"चार."

"चार महिने हाताला प्लास्टर ठेवलं तर हाताचं काय होतं? काडी. मानेचंही तेच झालंय." पट्टा तिनं टेबलाच्या खणात टाकला. "न्हाव्याकडं परत गेलात तर माझ्याकडं येऊ नका. नुसत्या स्नायूचं दुखणं असतं तर वेगळी गोष्ट. इथं नस दाबली जातेय, म्हणून अंगठ्याला मुंग्या येतात. तिला झटके चालत नाहीत."

मग तिनं हात, कोपर, अंगठा, बोटांची पकड, सगळं नीट तपासलं. शेक दिला. दोन्ही हातांनी मान अशी हळू धरली, जसं आपण तान्ह्या पोराचं डोकं धरतो. आणि सांगत गेली. डोकं सरळ असलं तर मानेला पाच किलोचं. वाकवलं की सिंगतेलाचा भरलेला डबा मानेवर ठेवल्यासारखं. "अकरा तास डबा घेऊन बसा, काका, आणि मग मला सांगा की मान का दुखते."

व्यायाम साधा होता. ताठ बसायचं आणि हनुवटी मागं न्यायची. करमशीभाईला ते जमेना. हनुवटी मागं म्हटलं की त्याची मान खालीच जायची. सत्तावीस वर्षं तिला दुसरा रस्ता ठाऊकच नव्हता.

"खाली नाही, काका. आत. मागच्या भिंतीकडं. बोट ठेवा हनुवटीवर, हलकं. आता बोटानं मागं ढकला. हां. बोट रस्ता दाखवतं."

दहा वेळा. मग खांद्याची पाती मागं जुळवायची, दहा वेळा. दर अर्ध्या तासानं, घंटीवरच.

"घंटीवर कसं करू, बेटा? घरी करतो ना, सकाळ-संध्याकाळ."

"माझ्याकडं तुम्ही आठवड्याला तीन तास येणार. घंटीवर सहासष्ट तास बसणार. कोण जिंकेल?" तिनं शेकाची पिशवी बाजूला ठेवली. "माझे बापूही हिरेच घासायचे. आता देवळात उभे राहिले तर त्यांना मूर्तीचे फक्त पाय दिसतात. मी शिकून आले तोवर उशीर झाला होता. तुम्हाला झालेला नाही. पण तुम्ही घंटीवर केलं नाहीत, तर मी इथं शेकत राहीन आणि तुम्ही तिथं मोडत राहाल."

करमशीभाईनं केलं. स्टुलाखाली दोन जाड फळ्या ठोकल्या, म्हणजे चाकावर इतकं वाकावं लागू नये. कोपराखाली जुन्या चादरीची घडी. आणि दर अर्ध्या तासानं खडा पुडीत ठेवून बोट हनुवटीवर.

हसमुख काय सोडतो. "करमशीभाई, सिंहासन तर झालं. आता चवरी ढाळायला कुणी ठेवा." आणि बोट हनुवटीवर गेलं की, "झालं, कबुतर सुरू झालं."

"तुझं चिमणीएवढं डोकं," करमशीभाई म्हणायचा, "तुला कशाला लागेल."

सहा आठवड्यांत मुंग्या उतरल्या. आधी मनगटापर्यंत यायच्या, मग अंगठ्यापुरत्या राहिल्या, मग फक्त सकाळी उठताना. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा उघडला, मान वळवून माझ्या डब्यात डोकावला आणि म्हणाला, "आज वांगं आहे?" मला काही कळलं नाही. मग लक्षात आलं, वर्षभर त्यानं मान वळवलीच नव्हती. बाजूला बघायचं तर अख्खा फिरायचा.

आणि मग तो गुरुवार.

अकरा वाजता हसमुखच्या दांडीवरून खडा उडाला. उडतो, नवं काही नाही. हसमुख ओरडला, चाकं बंद झाली, कुणी जागेवरून हललं नाही. फरशी झाडली, गाद्या झटकल्या, पँटच्या दुमडी उलट्या केल्या, केसांतून कंगवे फिरवले. खडा नाही. मग जसमतभाईनं कॅमेरा बघितला.

जसमतभाई आमचा मॅनेजर. त्याच्या केबिनमधल्या खुर्चीला मानेची वेगळी उशी आहे. हे मी मुद्दाम सांगतोय.

स्क्रीनवर दिसलं ते असं. हसमुखचा खडा उडतो. बाजूला करमशीभाईचा हात वर जातो, तोंडाशी. मान मागं जाते. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. जसं कुणी काही गिळतंय आणि ते घशात अडकतंय.

करमशीभाईला केबिनमध्ये बोलावलं. पाठोपाठ हसमुखला आणि मला. खडा हसमुखच्याच हातून गेलेला, त्यामुळं तो आपलीच कातडी वाचवत होता.

"मानेचा व्यायाम आहे," करमशीभाई म्हणाला.

"मानेचा? मग हात तोंडात कशाला?"

"तोंडात नाही. हनुवटीवर. डॉक्टरबेननं सांगितलंय. कागद घरी आहे."

"सगळ्यांचे कागद घरीच असतात." जसमतभाई माझ्याकडं वळला. "धनाभाई, तू तर खांद्याला खांदा लावून बसतोस. काय पाहिलंस?"

मला सगळं माहीत होतं. त्याला जिना चढवून वर मीच नेलं होतं. बोट कुठं ठेवायचं हे त्याच्याबरोबर मीही ऐकलं होतं. पण माझा धाकटा भाऊ पहिल्या तारखेला याच कारखान्यात लागणार होता आणि शब्द जसमतभाईनं दिलेला होता.

"माझं लक्ष माझ्या खड्यावर होतं," मी म्हणालो.

करमशीभाईनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

जसमतभाईनं केळी मागवली. एक डझन. पोलिसवाले साखळी गिळणाऱ्या चोरांना केळी खायला घालतात, हे त्याला कुठून तरी माहीत. टेबलावर घड ठेवला आणि म्हणाला, "खा. मग बसू वाट बघत. संडासात माझा माणूस बरोबर येईल."

सेहेचाळीस वर्षांचा माणूस. सत्तावीस वर्षांत एक खडा इकडचा तिकडं झाला नाही. दोन पोरींची लग्नं लावलेला, गावच्या देवळात ज्याच्या नावाची फरशी आहे असा माणूस त्या खुर्चीत बसून केळं सोलत होता. एक खाल्लं. दुसरं सोललं. मी बघत होतो त्याच्या हाताकडं. अकरापासून दीड वाजेपर्यंत त्यानं मान जरासुद्धा हलवली नव्हती, कारण हलवली की जसमतभाईचे डोळे घशावर यायचे. दुसरं केळं अर्धं झालं आणि त्यानं ते डाव्या हातात घेतलं. उजवा हात टेबलाखाली नेला आणि अंगठा चोळायला लागला.

मुंग्या परत आल्या होत्या.

माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. शौर्य वगैरे नव्हतं ते. त्या अंगठ्याकडं मला बघवेना, एवढंच.

"व्हिडिओ मागं न्या," मी म्हणालो.

"काय?"

"जसमतभाई, तुम्ही फक्त अकराचं बघितलंत. साडेदहाचं बघा. दहाचं बघा. तो दर अर्ध्या तासानं करतो. दहा वेळा. कतारगामात फोरमबेन ठुम्मर आहे, तिनं शिकवलंय. मी होतो बरोबर."

"आणि हे आत्ता आठवलं?"

"आठवत होतं. बोललो नाही."

त्यानं मागं नेलं. साडेदहा, हात हनुवटीवर. दहा, हात हनुवटीवर. साडेनऊ. नऊ. साडेआठ. मग आदल्या दिवसाचं लावलं, तेही तसंच. हसमुख स्क्रीनजवळ जाऊन मोजायला लागला.

"सकाळपासून साठ झाले," तो म्हणाला. "साठ हिरे गिळलेत म्हणा. एवढे तर आपल्या घंटीला मिळालेसुद्धा नाहीत. मला आज सात मिळालेत, त्यातला एक उडाला."

जसमतभाईनं स्क्रीन बंद केला आणि बाहेर जाऊन परत शोधायला लावलं. तीन वाजता खडा सापडला. हसमुखच्याच चिंधीत, चाकावरचं तेल पुसतो त्या चिंधीच्या घडीत. पहिल्या वेळी ती कुणी उलगडलीच नव्हती. माणसाच्या पँटी उलगडल्या, चिंधी नाही.

जसमतभाईनं खडा मऊ कागदात गुंडाळला, तो दुसऱ्या कागदात, मग तिजोरीत. मग करमशीभाईला म्हणाला, "चला, झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका. पण उद्यापासून घंटीवर ते बोट-बिट बंद. घरी करा काय करायचं ते. माझाही विचार करा, असं कॅमेऱ्यात दिसलं तर शेठना मी काय सांगू?"

करमशीभाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. साडेतीन वाजत होते. त्यानं पाठ ताठ केली, बोट हनुवटीवर ठेवलं आणि मान मागं नेली. एक. दोन. तीन. दहापर्यंत त्यानं सावकाश केलं. मग खांद्याची पाती जुळवली, तीही दहा वेळा. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो.

"खडा आधी पुडीत घालीन," करमशीभाई म्हणाला. "दोन्ही हात उघडे करून तुमच्या कॅमेऱ्याला दाखवीन. मग करीन. दर अर्ध्या तासानं. मला जागेवरून काढायचं असेल तर आत्ता काढा, जसमतभाई. हे बंद केलं तर माझा अंगठा जाईल, आणि मग तुम्ही काढणारच आहात. मी आजच का नको जाऊ, अंगठा घेऊन?"

जसमतभाईनं पेन उचललं, परत ठेवलं. करमशीभाईसारखा हात त्या मजल्यावर दुसरा नव्हता, हे त्याला ठाऊक होतं.

"जा, कामाला लागा," तो म्हणाला.

करमशीभाईनं केळ्यांचा घड उचलला. "ही दहा उरलीत. तुम्हाला लागणार नाहीत ना?"

घंटीवर येऊन त्यानं केळी वाटली. हसमुखनं मुकाट्यानं घेतलं. मलाही दिलं. माझ्याकडं न बघताच. मी केळं खिशात ठेवलं, खाता आलं नाही.

माझा भाऊ पहिल्या तारखेला लागला नाही. जसमतभाई म्हणाला, जागा भरली. भाऊ आता कापडाच्या मिलमध्ये जातो.

त्या दिवशी चार वाजता करमशीभाईनं खडा पुडीत घातला. दोन्ही पंजे उघडून कॅमेऱ्याला दाखवले, कुणाला ओवाळल्यासारखे. मग बोट हनुवटीवर. मीही माझा खडा पुडीत घातला. हात दाखवले. बोट हनुवटीवर ठेवलं आणि मान मागं नेली. मानेच्या मागं कुठं तरी खच्चून ओढ बसली आणि डोळ्यांत पाणी आलं. मला तर वाटायचं, माझी मान दुखत नाही.

करमशीभाई बाजूनं बघत होता. दिवसभरात पहिल्यांदाच माझ्याकडं बघत होता.

"खाली नाही रे," तो म्हणाला. "आत."