पडदेवाल्यांच्या गाडीतला जुना स्टिरिओ

मित्रांनो, बुटांच्या खोक्यात राहणारा मी एक जुना कार स्टिरिओ आहे. खोक्यावर अजून बुटाचं चित्र आहे. त्यामुळे कुणी मला शोधत आलंच, तर बूट समजून परत ठेवून देईल, अशी मला रोज धास्ती वाटते. माझ्या एका बाजूला वाळलेल्या रंगाचा डबा आहे आणि दुसऱ्या बाजूला पडद्याच्या दांड्यांची उरलेली टोकं. डबा कधी बोलत नाही. टोकं तर मुळातच घुमी.

पण मी असा नव्हतो हं! एके काळी माझ्याशिवाय गाडी हलत नसे.

कारखान्यात एका मुलीने मला गाडीच्या डॅशबोर्डमध्ये सरकवलं आणि 'खट्' असा आवाज झाला. तो माझ्या आयुष्यातला पहिला आवाज. त्याआधी तिने माझ्या पाठीत एक प्लग खोचला होता. त्यातून निघालेल्या रंगीबेरंगी वायरी आतल्या आत दोन्ही दारांपर्यंत गेल्या होत्या. एका दारात डावा स्पीकर, दुसऱ्यात उजवा. मी मधे बसून सांगायचं आणि त्या दोघांनी ते मोठ्याने बोलायचं, असा आमचा संसार सुरू झाला.

दोन घरं फिरून गाडी पडदेवाल्या बाबांकडे आली. बाबा लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजत आणि घरी आई मशीनवर पडदे शिवत असे. गाडीत सदा नव्या कापडाचा वास. मागच्या सीटवरून पुढे आलेली एखादी दांडी माझ्या बटणांना टोचत असे, पण मी कधी कुरकुर केली नाही.

बाबांची एक अजब खोड होती. ते मापं लिहून ठेवत नसत. खिडक्या मोजून झाल्या की गाडीत येऊन बसत, मला चालू करत आणि जे गाणं लागलेलं असेल त्याच्या चालीत मापं गायला लागत! शेजारी त्यांची मुलगी बसलेली असे. बाबा तिला लवंगी म्हणत, कारण आकाराने एवढीशी आणि आवाज केवढा!

"हॉलची खिडकी बावन्न रुंद..." बाबा गात आणि थांबत.

"आणि लांब चौऱ्याऐंशी!" लवंगी ओरडून पुढचं म्हणे.

घरापर्यंत असंच. रुंदी बाबांची, लांबी लवंगीची. घरी पोचले की दोघं आईसमोर उभे राहून सगळं गाणं म्हणून दाखवत आणि ती हसत हसत कापडावर खडूने खुणा करी. एकदा मी ऐन रस्त्यात खरखरलो, चाल तुटली आणि एका खिडकीचा पडदा निम्म्यातच संपला. आई म्हणाली, "अहो, खिडकीला हाफ पँट शिवायला सांगितली होती का त्यांनी?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सगळा दोष माझ्यावर! पण मित्रांनो, खरं सांगू? मला तेव्हा आपण घरातलेच आहोत असं वाटलं. परक्यावर कुणी असं हक्काने खापर फोडतं का?

मग लवंगी मोठी झाली.

आधी ती मागच्या सीटवर बसायला लागली. मग पुन्हा पुढे आली, पण कानात दोन पांढरे मणी घालून. त्या मण्यांतून तिला तिची गाणी ऐकू येत. मी इकडे जीव तोडून गातोय आणि ती खिडकीबाहेर बघत भलत्याच तालावर मान हलवतेय. बाबा म्हणत, "हॉलची खिडकी अठ्ठेचाळीस रुंद..." आणि थांबत. खूप वेळ थांबत. लवंगीला बाबांचे फक्त ओठ हलताना दिसत.

"काही म्हणालास का रे, बाबा?" ती एक मणी काढून विचारी.

"नाही गं. काही नाही."

त्यानंतर ते मापं तळहातावर पेनाने लिहू लागले. स्टिअरिंगवर घामाने ती पुसून जात. गाडीत मी होतो, बाबा होते, लवंगी होती आणि तरी तिथे कुणीच कुणासोबत नव्हतं. एकटेपणा म्हणजे काय, हे मला खोक्यात आल्यावर नाही, तेव्हाच कळलं.

"अरे, ह्याला फोन जोडताच येत नाही, मी तरी काय करू?" एकदा लवंगी म्हणाली. तिने सहज म्हटलं, पण ते बाबांच्या मनाला लागलं. आईने शिवणाच्या डब्यातले जपून ठेवलेले पैसे काढून दिले आणि वर टोमणाही मारला, "गाडीचं वय काय आणि हौस काय! पण आणा."

स्टिरिओच्या दुकानातला माणूस गाडीत वाकला आणि माझ्याकडे निरखून बघू लागला. "स्पीकर हेच राहू द्या, छान आहेत," तो म्हणाला. "फक्त स्टिरिओ बदला, कमी खर्चात काम होईल. पण हा जोडप्लग नक्की घ्या. तो मधे लावला की जुन्या वायरी कापाव्या लागत नाहीत."

"एवढ्याशा प्लास्टिकला एवढे पैसे? राहू द्या. वायरीला वायर जोडायला मध्यस्थ कशाला?"

"बघा हं. कापल्यावर कुठली कुठे ते कळत नाही."

"अहो, कात्री हातात घेऊनच आयुष्य गेलंय माझं!"

घरी येऊन गाडी शेडमध्ये उभी केली. बाबांनी मला बाहेर ओढलं. माझ्या पाठीतल्या प्लगची खिट्टी दाबली असती, तर तो अलगद सुटला असता. पण कापडाला कात्री लावण्याआधी तीनदा मोजणाऱ्या माणसाने माझ्या वायरी एका दमात कचकन कापल्या. प्लग माझ्या पाठीतच राहिला, कापलेल्या वेणीच्या बुडख्यासारखा. वीज तुटली आणि मी लक्षात ठेवलेली सगळी स्टेशनं पुसली गेली. घड्याळ विझलं. बाबांनी मला खोक्यात ठेवलं आणि खोकं शेडमधल्या फळीवर. झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून फटीतून मला गाडी दिसत राहिली.

नवा स्टिरिओ ऐटीत निळा उजेड पाडत माझ्या जागी बसला. बाबांनी लवंगीला हाक मारली. तिने धावत येऊन फोन जोडला, गाणं लावलं आणि तिचा चेहरा पडला.

"बाबा, गाणारी बाई कुठे गेली?"

"म्हणजे?"

"वाजतंय सगळं, पण पोकळ पोकळ. ती जणू शेजारच्या घरात जाऊन गातेय. ढोलात तर दमच नाही."

"नवा आहे ना. रुळेल हळूहळू."

"रुळायला काय बूट आहेत?" असं म्हणून तिने मणी कानात घातले आणि घरात गेली.

मला पहिल्या ठोक्यालाच सगळं कळलं होतं. उजव्या दाराच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती! त्यामुळे डावा स्पीकर श्वास सोडत होता तेव्हाच उजवा आत ओढून घेत होता. दोघांनी मिळून मधोमध आवाज उभा करायचा, तर ते एकमेकांचा आवाज खाऊन टाकत होते. मी ओरडून सांगणार तरी कसं? माझा आवाज म्हणजे ते दोघंच, आणि ते आता दुसऱ्याचे झाले होते.

"उद्या परत देऊन येतो," बाबा आईला म्हणाले. "गाडी गप्पच बरी."

"आणि जुना बसवा की."

"त्याच्या वायरी मी कापल्या गं."

दुसऱ्या दिवशी स्टिरिओ काढायला बाबा पाना घेऊन गाडीत बसले. पण पाना मांडीवरच राहिला. त्यांनी एक जुनं गाणं लावलं आणि हळूच म्हणाले, "हॉलची खिडकी बावन्न रुंद..." मग थांबले. ते पोकळ गाणं चालूच राहिलं. चहासाठी बोलवायला आलेली लवंगी दाराशी उभी होती. कानांत मणी नव्हते. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता म्हणेल, आता म्हणेल. पण तिने ओठ चावला, गाडीचं दार उघडलं आणि शेजारी येऊन बसली.

"सरक. बघू दे मला."

तिने आवाज पूर्ण डावीकडे नेला. गाणारी बाई लख्ख! पूर्ण उजवीकडे नेला. तरी लख्ख! मधे आणला की गायब.

"बाबा! एकटा डावा शहाणा, एकटा उजवा शहाणा, आणि दोघं एकत्र आले की भांडतात. वायरी उलट्या लागल्यात कुणाच्या तरी. जुना कुठे ठेवलास?"

मित्रांनो, 'जुना कुठे ठेवलास'! ते शब्द ऐकून मला काय झालं, कसं सांगू! झाकण उडालं, उजेड आत आला आणि लवंगीने मला दोन्ही हातांनी वर उचललं. माझ्या पत्र्यावर प्रत्येक पिनेशेजारी अधिक किंवा उणे अशी खूण उठवलेली आहे. आणि पाठीतल्या त्या प्लगमध्ये वायरींचे रंगीत बुडखे अजून तसेच होते. ती बोट लावत वाचू लागली.

"उजवं दार. करडी अधिक, पिवळी उणे. तू कशी लावलीस?"

बाबा डॅशबोर्डच्या भोकात डोकावले. "पिवळी अधिक. मला वाटलं, उजळ रंग म्हणजे अधिक."

"वाटलं? गिऱ्हाइकाची खिडकी अशीच मोजतोस का?"

बाबा हसले. किती दिवसांनी! मग मला बॉनेटवर ठेवून दोघांनी त्या वायरी सोडवल्या, बदलल्या, चिकटपट्टी गुंडाळली. गाणं लागलं. डावा आणि उजवा एकदम श्वास घेऊ लागले आणि ती गाणारी बाई बरोब्बर दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"आली की गं!" बाबा म्हणाले.

"उद्या कुठे मापं आहेत? मी येते," लवंगी म्हणाली आणि पुढे घाईने पुटपुटली, "चहा गार होतोय."

मला तिने पुन्हा खोक्यात ठेवलं. प्लग मात्र पाठीतच राहू दिला. "असू दे, लागेल कधी," म्हणाली. झाकण अजूनही नीट बसत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी शेडमध्ये शिरली ती गातच. बाबा म्हणत होते, "जिन्याची खिडकी छत्तीस रुंद..." आणि आतून केवढ्याने तरी आलं, "आणि लांब एकशेवीस!" दारं धाडधाड आपटली, दोघं आईला गाऊन दाखवायला धावले. फळीकडे कुणी बघितलं नाही. का बघावं? आवाज तर माझ्याच स्पीकरांचा होता, एवढं मला पुरलं. म्हणजे, जवळजवळ पुरलं.

मित्रांनो, नवं आणायचं तर खुशाल आणा. पण जे सोडवता येतं ते कापू नका. खिट्टी कुठेतरी असतेच, जरा शोधा. जुन्याला फेकण्याआधी एकदा उलटं करून त्याची पाठ बघा. आणि शेजारी बसलेलं माणूस अर्धी ओळ म्हणून थांबलं असेल, तर कानातलं काढा. ती जागा तुमच्यासाठी ठेवलेली असते.

मी इथेच आहे, फळीवर. स्टेशनं विसरलो, वेळ विसरलो. पण कधी या शेडमध्ये आलात, तर बुटाच्या चित्राला फसू नका. झाकण जरा उचला. मी मनात सुरुवात करूनच ठेवली आहे. हॉलची खिडकी बावन्न रुंद...

पुढचं तुम्ही म्हणा.