लूएलाच्या डेकवरची भोकं

वेन्डल बोटीवर बूट घालून चढतो. चाळिशी उलटली त्याची, पण शिडीखाली बूट काढून वर जायचं असतं हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. त्याचा बाप, माझा नवरा ऑल्डन, ऑक्टोबरच्या गारठ्यातसुद्धा डेकवर मोज्यांनी फिरायचा. शेवंडं पकडण्यात जन्म गेला त्याचा. कामाच्या बोटीवर चिखल, माशांची आतडी, काही चालायचं. पण ही शिडाची बोट त्याने म्हातारपणी फिरायला घेतली आणि तिला माझं नाव दिलं, ‘लूएला’. तिच्यावर बूट म्हणजे माझ्या अंगावर बूट. वेन्डलला आवाज देऊन देऊन माझा घसा बसला, पण तो आपला थाप थाप करत वर.

मागच्या उन्हाळ्यात ऑल्डनची उजवी बाजू गेली. जीभही गेली, एक शब्द तेवढा राहिला, “घरी.” त्याला ठेवलंय त्या नर्सिंग होमच्या खिडकीतून गाड्या दिसतात, पाणी दिसत नाही. नर्स जेवण घेऊन आली की म्हणतो, घरी. मी टोपी सरळ केली की म्हणतो, घरी. आता घरी आणायचं तर खालच्या खोलीत पलंग हवा, दाराला उतार हवा, त्याला उचलायला रात्रंदिवस माणूस हवं. त्याला एकच वाट होती, बोट विकायची. सही करायचे अधिकार वेन्डलकडे, कारण बापाचा हात चालत नाही आणि मी फक्त सहावी शिकलेली. सार्डीनच्या कारखान्यात कात्रीने माशांची मुंडकी उडवणाऱ्या बाईला कागदावर कोण विचारतो?

ऑक्टोबरात बोट पाण्याबाहेर काढून बोटींच्या यार्डात उभी केली, त्याच आठवड्यात गिऱ्हाईक आलं. रॉकलंडचं मास्तर जोडपं, नोरीन आणि तिचा नवरा. बोटीत होतं काय? चांगली शिडं, चांगलं इंजिन, रॉकेलची शेगडी, आणि माणूस झोपला तरी वाऱ्याच्या जोरावर दिशा धरून ठेवणारं सुकाणू. नोरीनने शिडीखाली स्वतःहून बूट काढले. म्हटलं, ही बाई चालेल. तिने सांगितलेला आकडा वाईट नव्हता. ऑल्डन ख्रिसमसच्या आत घरी आला असता.

वेन्डल म्हणाला, “वसंतात या. तोवर मी हिला नटवतो, मग किंमत बघा.”

“नवरी उजवायची आहे का रे तुला?” मी विचारलं.

“मा, तुला यातलं काय कळतं? शेजारी शेजारी दोन बोटी ठेव. एकीत काही नाही, एकीत सगळं आहे. गिऱ्हाईक कुणाकडे जाईल?”

मग हिवाळाभर त्याचं ड्रिल घुर्र घुर्र. रडार बसवलं. सौरपट्ट्यांची कमान बसवली. विजेवर नांगर ओढणारं यंत्र बसवलं. टीव्हीसाठी छपरावर पांढरा टोप बसवला, आणि एअर कंडिशनर! आमच्या या गारठलेल्या मेन राज्यात! जुलैतही मी स्वेटर घालून पाव भाजते. सगळं बापाच्या होत्या नव्हत्या शिलकीतून.

प्रत्येक वस्तूला डेकमध्ये भोकं. डेक म्हणजे वर फायबर, खाली फायबर आणि मध्ये पावासारखं हलकं लाकूड. ऑल्डन एका भोकाला दोन दिवस लावायचा. भोक मोठं पाडायचा, आतलं लाकूड खरवडून काढायचा, राळ ओतून सुकवायचा आणि मग त्या राळेत स्क्रूपुरतं बारीक भोक पाडायचा. पाणी लाकडाला शिवताच कामा नये. वेन्डलने सरळ ड्रिल घातलं, वरून ट्यूबमधला मसाला फासला, स्क्रू पिळला आणि पुढे चालू लागला.

“राळ कुठाय?” मी खालून विचारलं.

“तो जुना काळ होता, मा. डॅड एकेक भोक कुरवाळत बसला, म्हणून कुठे पोचला नाही.”

पोचला नाही! तुला पायावर उभं करायला पोचला, मेल्या. पुढे त्याने वरचं आच्छादनही धड बांधलं नाही, कारण त्याची कमान आडवी येत होती. बर्फ साचला, वितळला, भोकात उतरला, पुन्हा गोठला.

मे महिन्यात नोरीन आली. सोबत बोटी तपासणारा प्रुइट. त्याने बूट काढले, गुडघ्यावर बसला आणि प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने डेक ठोकत निघाला. टक, टक, टक. कमानीच्या पायापाशी थप. कणकेच्या गोळ्यावर हात मारावा तसं. रडारच्या वायरीपाशी थप. मग टक परत येईचना. प्रुइटने एक स्क्रू उलटा फिरवला. भोकातून काळ्या चहासारखं पाणी आलं.

“आतलं लाकूड कुजलंय, मॅडम,” तो खाली उतरून मला म्हणाला. “अर्धी डेक उकलावी लागेल. बोटीच्या किमतीपेक्षा त्यालाच जास्त लागेल.”

“पण सामान बघा ना!” वेन्डल वरून ओरडला. “सगळं नवंकोरं आहे!”

“नवं आज आहे. असलं सामान बोटीच्या आधी म्हातारं होतं. पुढचा घेणारा त्याचं काही देत नाही. तो शिडं बघतो, इंजिन बघतो आणि कोरडी डेक बघतो.”

नोरीनने माझा हात धरला. “मिसेस बील, आम्हाला तुमची ऑक्टोबरमधली बोट हवी होती.”

ते गेले. यार्डाचा मालक लांबून बघत होता, तो पुढे आला. इंजिन आणि तळाला वजनासाठी घातलेलं शिसं भंगाराच्या भावाने घेईन, म्हणाला, उरलेली तोडून टाकायचा खर्च त्यातूनच कापून. जे हातात येईल त्यात एक पलंगसुद्धा येणार नाही. वेन्डल डेकवर उभा, पायात बूट, आणि म्हणतो, “लोकांना पारखच नाही, मा. टीव्ही तर एकदाही लावलेला नाही.”

आणि यानेच रविवारी बापाच्या कानाशी लागून सांगितलं होतं, या आठवड्यात बोट जाते, डॅड, मग तू घरी. सकाळी नर्सचा फोन आला होता. ऑल्डन डाव्या हाताने टोपी घालून, कोट मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसलाय, जेवायलाही तयार नाही.

मी शिडी धरली आणि वर बघितलं.

“वेन्डल बील, खाली उतर. तुझ्या बापाने एक बोट नीट ठेवली होती, तेवढ्यावर तो घरी आला असता. तू तिला भोकं पाडलीस. आता तो तिथेच मरेल, आणि हे त्याला मी सांगणार नाही. तू जायचं, आत्ता. त्याच्या मांडीवरचा कोट उचलायचा, डोक्यावरची टोपी तुझ्या हाताने काढायची, आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं. आणि त्याच्या खोलीत शिरण्याआधी ते बूट बाहेर काढ.”