पोनिराच्या नाकाला हात लावायचा नाही

मित्रांनो, ट्रकच्या तोंडाकडे सगळेच बघतात. मी त्याची पाठ आहे, जुना लाकडी फाळका. जावा बेटावरच्या प्रोबोलिंगोच्या कांदाबाजारात माल भरायच्या रांगेत मी रोज उभा असतो, आणि आधीच सांगून ठेवतो, कुणाची कीव मागायला मी बोलत नाही.

कुणाची चाकरी नको म्हणून वार्सितोने स्वतःचा ट्रक घेतला, तेव्हा सुताराने मला जाड फळ्यांतून घडवले. आमच्याकडे ट्रक स्वतःचा असला की फाळक्यावर चित्र हवेच. वार्सितोने आपल्या बायकोचे काढून घेतले. पोनिरा कमरेवर हात ठेवून उभी, आणि खाली अक्षरे: ‘वाट बघते, पण भात गार होईल.’

खरी पोनिरा ते बघून भडकली.

“हे नाक आहे की वांगं? अख्ख्या जावाभर मिरवणार का हे?”

“लांबून ओळखू यावं म्हणून जरा मोठं काढलंय गं.”

“मग स्वतःचं काढायचं होतं!”

पण त्या नाकानेच माझे नाव झाले. आमचे हमाल ट्रकचा नंबर वाचत बसत नाहीत, चित्र बघून माल भरतात. मुकादम सामिन ओरडायचा, “कांदे नाकवालीत टाका रे! बटाटे वाघात!” उन्हापावसात माझ्या कडा झिजल्या, पोती घासून साली निघाल्या. तरी मागून येणारे ट्रकवाले मला बघून हसायचे, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग भाडी मिळेनाशी झाली. रांगेत ट्रक ताटकळू लागले, आणि अशातच एका मोठ्या कंपनीचा माणूस कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. म्हणाला, “माल रोज देऊ. पण ट्रक सगळे पांढरे पाहिजेत. ही असली सोंगं आमच्याकडे चालायची नाहीत.”

सोंगं! मला असा राग आला की बिजागऱ्यांतून निखळून त्याच्या पायावर पडावेसे वाटले. पण एकेक फाळका पांढरा होत गेला. वाघ गेला. एका सकाळी वार्सितोही घरी काही न सांगता रंगाचा डबा घेऊन आला. माझ्याकडे न बघताच त्याने ब्रश फिरवला.

त्याच दिवशी घोळ झाला. वार्सितो नेहमीसारखा निर्धास्त कॉफी पीत बसला, आणि हमाल पांढऱ्या ट्रकांच्या रांगेत गोंधळले. जेंबर शहरात व्यापाऱ्याकडे पोचून मला उघडले तर आत कांद्यांऐवजी बटाटे! व्यापाऱ्याने चारचौघांत वार्सितोची खरडपट्टी काढून त्याला परत पाठवले.

संध्याकाळी ट्रक अंगणात लागला. पोनिरा मागे आली आणि थबकली.

“अहो, मी कुठे आहे?”

वार्सितोने मान खाली घातली. “कंपनीचा माल हवा तर...”

“चाकरीच करायची होती तर ट्रक कशाला घेतलात? नाकाला नावं मी ठेवीन, माझं आहे ते! पुसणारी कंपनी कोण लागून गेली? रॉकेल आणा.”

रंग अजून ओला होता. ती घासत राहिली, आणि थोड्या वेळाने वार्सितोही चिंधी घेऊन शेजारी बसला. आधी नाक वर आले. शेवटी केसांत थोडा पांढरा रंग राहिलाच.

“राहू दे,” पोनिरा म्हणाली, “तेवढं खरंच आहे.”

दुसऱ्या दिवशी कंपनीने आमचे नाव काढून टाकले. खुशाल काढा! आम्ही बाजारात शिरलो तर सामिनने दुरूनच हाक दिली, “आली रे नाकवाली! भरा कांदे!” महिन्याभरात वाघही परत आला. काही जण पांढरेच राहिले. भाड्यासाठी आम्हाला रांगेत थांबावे लागते, आणि कंपनीचा माल नसेल तेव्हा त्यांनाही. पण आम्हाला नावाने हाक मारतात.

मित्रांनो, माझी फळी कुजली तर बदला, बिजागरीला तेल घाला, रंग उडाला तर नवा द्या. म्हाताऱ्या फाळक्याला तेवढे लागतेच. पण कुणाच्या सोयीसाठी मला कोरा करू नका. परवा रंगारी डागडुजीला आला होता. त्याने मानाने ‘बू’ म्हणत भीत भीत विचारले, “बू पोनिरा, आता नाक जरा बारीक करू का?”

पोनिरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “हात तर लावून बघ!”