गोलकीपरचा डावा पॅड

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, ही कुठली फाटकी उशी! पण जरा नीट पाहा. मी हॉकीच्या गोलकीपरचा पॅड आहे. तोही डावा. मला एक उजवा भाऊ होता, त्याची हकीकत पुढे येईलच.

आमचा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. आत वेताच्या काड्या, त्यावर कापसाचे थर, वरून जाड कॅनव्हास आणि मागे चामड्याचे पट्टे. नांदेडच्या एका संघाने आम्हाला वापरले. तो संघ मोडला, तेव्हा ताडकळसच्या शाळेतले खेळाचे शिक्षक भगवानराव सर आम्हाला मागून घेऊन आले. एसटीत गर्दी होती, म्हणून साऱ्या वाटेत आम्ही सरांच्या मांडीवर होतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी मुलींना विचारले, "गोलात कोण उभं राहतंय?"

सगळ्यांना गोल मारायचे होते. अडवायचे कुणालाच नव्हते. शेवटी मागून एक उंच मुलगी म्हणाली, "मी राहते, सर."

तिचे नाव पिंकी. साऱ्यांना वाटले, काय धीट पोरगी आहे! खरे कारण फक्त आम्हाला कळले. तिच्याजवळ बूट नव्हते. गोलकीपरच्या पावलांवर किकर, म्हणजे बुटांवरून घालायची मोठाली जाड आवरणे, चढवतात. त्यांत चिंध्या कोंबल्या की आतले अनवाणी पाय कुणाला दिसत नाहीत.

पाय लपवायला आलेली पिंकी हळूहळू गोलात रमली. चेंडू सुसाट यायचा, ती झेपावायची आणि तो धप्पकन आमच्यावर आदळायचा. आम्हाला लागायचे, पण त्याचा अभिमान वाटायचा. खेळ संपला की ती आम्हाला पुसून शाळेच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायची. तसे लाड आमचे पुन्हा कुणी केले नाहीत.

पिंकीचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. त्या वर्षी आई, दगडाबाई, म्हणाली, "आता तूबी चल. धाकल्याला कोण सांभाळायचं?" त्या दिवशी पिंकीने माझा पट्टा इतका करकचून आवळला की बक्कल वाकले.

जिल्ह्याचा अंतिम सामना परभणीत होता. दगडाबाई बाजाराला आली होती, ती विचारत विचारत मैदानावर पोचली आणि थेट गोलाच्या मागे उभी राहिली. सामना बरोबरीत सुटला होता आणि पेनल्टी स्ट्रोक चालू होते. शेवटचा चेंडू आला. पिंकी डावीकडे पडली आणि चेंडू माझ्या छाताडावर आदळला. केवढा मोठा आवाज झाला!

"आगं माय! माझ्या लेकराला मारायलेत की!" म्हणत दगडाबाई पिशवीसकट मैदानात धावली. पंचांनी शिट्टी फुंकली. लोक हसायला लागले.

सर पळत आले. "दगडाबाई, थांबा! तिला कुणी मारलं न्हाई. तिनं चेंडू अडवलाय. आपण जिंकलो!"

दगडाबाई लेकीजवळ खाली बसली. जिथे चेंडू लागला होता तिथे तिने माझ्यावरून हात फिरवला. कोयत्याने घट्टे पडलेला तो हात माझ्याहून खरखरीत होता.

"लय लागलं का गं?"

"न्हाई माय. ह्ये हायेत की."

दगडाबाई उठली आणि सरांना म्हणाली, "धाकल्याला मी बहिणीकडं ठेवते. हिच्या बापाला मी सांगते. हिला खेळू द्या."

तिथून पिंकी थांबली नाही. विभागाच्या संघातून तिची पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली. निघताना तिने आम्हाला उराशी धरले होते. सर म्हणाले, "तिथं नवे मिळतील, बाळा. ह्यांना इथं राहू दे. मागून येणाऱ्या पोरींना लागतील." तिने आम्हाला हळूच खाली ठेवले. पुढे तिला कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला, ती विद्यापीठाच्या संघाची गोलकीपर झाली, आणि एक दिवस देशातल्या मोठ्या लीगमधल्या संघाने तिला घेतले. ही बातमी आम्ही शाळेतल्या खेळाच्या खोलीच्या बंद दाराआडून ऐकली.

कारण मित्रांनो, तोवर सरांची बदली झाली होती. आम्हाला ओलेच एका कोपऱ्यात फेकले होते. वर जुन्या सतरंज्यांचा ढीग पडला. पावसाळ्यात भिंत पाझरे. बुरशी आली, मग उंदीर आले. त्यांनी माझ्या भावाचा कापूस बिळात ओढून नेला. एके दिवशी खोली झाडताना त्याला कचऱ्यात टाकले. जोडीतला एक गेला, की उरलेल्याला कोण विचारतो?

पण मला ज्ञानेश्वरी नावाच्या मुलीने विचारले. तिने मला सतरंज्यांखालून ओढून काढले, दाभणाने शिवले आणि डाव्या पायाला बांधले. उजव्या पायाला तिने चक्क क्रिकेटचा पॅड लावला! मुली हसल्या, तरी ती गोलात उभी राहिली.

सुट्टीत पिंकी गावी आली, तेव्हा तिने हे मैदानाबाहेरून पाहिले. ती हसली नाही. खेळ संपल्यावर ज्ञानेश्वरीजवळ येऊन तिने विचारले, "दुसरा कुठं हाय गं?"

"गेला, ताई. उंदरानं खाल्ला."

पिंकी तिथेच मातीत बसली आणि कितीतरी वेळ मला मांडीवर घेऊन होती.

महिनाभरात तिने शाळेला नव्या पॅडची जोडी पाठवली. ती बांधून ज्ञानेश्वरी आता पुण्याच्या निवड चाचणीला गेली आहे. मी पुन्हा रिकामा आहे, पण कट्ट्यावर आहे, उन्हात आहे.

मित्रांनो, आज एवढे करा. तुमच्या शाळेतल्या खेळाच्या खोलीचे दार उघडा. आत जे ओले असेल ते वाळवा, जे उसवले असेल ते शिवा. आम्हाला काचेच्या कपाटात बसायचे नाही. उद्या एखादी मुलगी गोलात उभी राहणार असेल, तिच्या पायांसाठी आम्हाला कोरडे ठेवा.