दवाईचा वास

ज्या विहिरीच्या काठावर बापाला कधी पाय ठेवू दिला नव्हता, त्याच विहिरीत दवाई टाकायची सरकारी नोकरी देवरावला लागली, तेव्हा त्याची छाती वीतभर फुगली. फुगणारच हो. बार्शीटाकळीजवळच्या त्या गावात बौद्धांच्या घरचा तो पहिला सरकारी माणूस.

बासष्टच्या कार्तिकात शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. देवरावनं विहिरीत ब्लीचिंग पावडर दुप्पट टाकली. दुसऱ्या दिवशी पाण्याला असा उग्र वास सुटला, की चहा तोंडात धरवेना. बायांनी नाकं मुरडली. देवराव मात्र खूश. वास आला म्हणजे दवाई लागू पडली, हे त्याचं शास्त्र. आणि अर्धवट शास्त्राइतकं गोड दुसरं काही नसतं.

त्याची माय जाईबाई लपूनछपून नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी आणायची. हे कळल्यावर देवरावनं तिचा हंडा अंगणात पालथा केला आणि गावादेखत तिला विहिरीवर नेलं.

"माय, तूच नाही पेली तं गाव काहून पिईन?"

जाईबाईनं मुकाट्यानं तांब्या तोंडाला लावला. तिचं पाहून गावही पिऊ लागलं.

चौथ्या दिवशी अकोल्याहून आरोग्य निरीक्षक पंजाबराव आले. त्यांनी काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेतलं आणि तपासणीचे थेंब टाकले. पाण्यात पावडर शिल्लक असेल, तर ते पिवळं व्हायला हवं. ते तसंच नितळ राहिलं. नळी खराब असेल, असं देवराव म्हणाला. दुसरी नळी झाली, तिसरी झाली. पिवळेपणा औषधालाही नव्हता.

"पण साहेब, वास तं येऊन राहिला."

पंजाबरावांनी विहिरीमागच्या डबक्याकडे बोट दाखवलं. दोरासाठी वाख काढायला साऱ्या गावानं दरसालसारख्या अंबाडीच्या पेंढ्या तिथं सडत घातल्या होत्या. त्यात देवरावच्याही दोन होत्या. तो कुजका काळा रस पाझरून विहिरीत उतरत होता. पावडर त्यातच खपत होती आणि दोन्ही मिळून तो वास सुटत होता. रोगाचे जंतू मारायला काही उरतच नव्हतं.

"दवाई सडक्यानं खाल्ली, देवराव," पंजाबराव म्हणाले. "वास तेवढा उरला."

चार दिवस आपण गावाला काय पाजलं, हे देवरावला आता उमगलं. तो घराकडे धावत सुटला.

जाईबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. किती पाणी प्यालीस, असं त्यानं कसंबसं विचारलं.

"तू सांगतलं तितकं. कमी नाही केलं," ती म्हणाली. "सकायपासून आठ डाव परसाकडं जाऊन आली रे बापा. मले वाटलं, दवाई पोट साफ करून राहिली."