क्लिफर्डची नाताळातली तोंडबंदी

इतरांकडे नाताळ टर्की आणली की सुरू होत असेल. आमच्या इंग्लंडातल्या ऑसेट गावच्या घरी तो सुरू होतो टीव्हीच्या कार्यक्रमांचा जाडजूड नाताळ अंक येतो त्या दिवशी. माझा नवरा क्लिफर्ड तो अंक घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो, चष्मा कपाळावर आणि हातात दोन पेनं. बघायच्या कार्यक्रमाला लाल गोल. ‘हे लावणाऱ्याला लाज कशी वाटत नाही’ अशा कार्यक्रमाला काळा गोल. काळं पेन दर वर्षी नवीन आणावं लागतं. लाल आम्ही लग्नाच्या वर्षी घेतलं होतं, ते अजून चालतंय.

आणि मग नाताळच्या दिवशी हा बाबा काळ्या गोलांतले सगळे कार्यक्रम बघतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाय लांब करून. बघतो आणि कुरकुरतो. “हे गेल्या वर्षीचंच आहे.” “हा मागच्या भागात मेला होता ना?” “ही बाई बर्फात बिनकोटाची फिरतेय, हिची आई कुठाय?” लग्न झाल्यापासून मी हे ऐकतेय. आमची कर्स्टी तर त्याच्या मांडीवर बसून हेच ऐकत मोठी झाली. लोकांच्या मुली बडबडगीतं म्हणायच्या, आमची पाहुण्यांसमोर उभी राहून ‘तोच कार्यक्रम परत लावलाय मेल्यांनी’ म्हणायची.

त्यामुळे ती मोठेपणी एका चॅनलमध्ये, कोणता कार्यक्रम कधी लावायचा हे ठरवणाऱ्या खात्यात लागली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. यंदा नोव्हेंबरात तिच्या खात्याचा मुख्य स्कीइंगला गेला आणि पाय मोडून बसला. नाताळचा अख्खा दिवस कर्स्टीच्या गळ्यात पडला. वरचे साहेब म्हणाले, करून दाखव, त्या खुर्चीत तुला ठेवायचं की नाही ते जानेवारीत बघू.

त्याच संध्याकाळी तिचा मला फोन.

“आई, माझं एक काम कर. या वर्षी बाबाला गप्प बसव.”

“तुझ्या बाबाला? त्यापेक्षा टर्कीला गाणं शिकवते.”

“आई, थट्टा नको. नाताळला मी ऑफिसातच असणार आहे. संध्याकाळी फोन करीन. तेव्हा त्यानं कुरकुर केली ना, तर मी तिथेच रडेन.”

लेकीनं असं म्हटल्यावर आई काय करणार? मी क्लिफर्डला समोर बसवलं आणि सांगितलं.

“मी कधी कुरकुरतो?” तो म्हणाला. आणि हे तो खरंच मनापासून म्हणाला, हे विशेष.

“दिवसभर तिचंच चॅनल लावायचं आणि एक वाकडा शब्द काढायचा नाही. काढलास तर दुपारी-रात्री दोन्ही जेवणांना ग्रेव्ही बंद. टर्की कोरडी खायची.”

त्याचा चेहरा उतरला. माझी टर्की मी जाणते, ग्रेव्हीशिवाय ती घशाखाली उतरत नाही. त्यानं मुकाट्यानं मान डोलावली.

नाताळच्या सकाळी आमच्या वन्सं आल्या. ऑड्री म्हणजे क्लिफर्डची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहतात, येताना शेरी वाइनची बाटली आणि स्वतःची उशी घेऊन येतात. भावाची कुरकुर ऐकायची आणि त्यावर वाद घालायचा, हाच वन्संचा नाताळ. या वर्षीची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. सांगितली असती तर त्या आल्याच नसत्या.

कर्स्टीचा पहिला कार्यक्रम सुरू झाला. आठ मोठी माणसं आल्याच्या बिस्किटांचं चर्च बांधत होती. एकाचा मनोरा कोसळला आणि तो ढसाढसा रडायला लागला. मी क्लिफर्डकडे बघितलं. मान लाल, मिश्या थरथरतायत. त्याचं तोंड उघडलं तशी मी स्वयंपाकघराच्या दारातून ग्रेव्हीचा जग उंच करून दाखवला.

“चर्च,” तो कसाबसा म्हणाला, “उंच होतं.”

वन्संनी त्याच्याकडे बारकाईनं बघितलं. “काय रे, बरं नाहीये का तुला?”

“बरा आहे, ऑड्री.”

“बिस्किटासाठी रडतोय तो. पन्नाशीचा घोडा. तुला काहीच म्हणायचं नाही?”

“नाही.”

“ग्लेनिस,” वन्सं मला हळूच म्हणाल्या, “याचा रक्तदाब बघून घे.”

जेवायला बसलो आणि टीव्हीवर खुनाची मालिका लागली. पाद्रीबुवा नाताळच्या झाडाखाली मरून पडलेले, पाठीत मेणबत्तीचा पितळी स्टँड खुपसलेला. आम्ही तिघं डोक्यावर, नाताळच्या जेवणाला दोघांनी ओढून फोडायच्या कागदी फटाक्यांतून निघालेले मुकुट घालून बसलेलो आणि समोर प्रेत. क्लिफर्डनं त्या दिवशी केलं ते मी जन्मात बघितलं नव्हतं. त्यानं ब्रसेल्स स्प्राउटचा, म्हणजे त्या लिंबाएवढ्या कोबीचा, वाडगा पुढ्यात ओढला. ज्या भाजीला तो लहानपणापासून हात लावत नाही, तिचे गड्डे तो एकामागून एक तोंडात कोंबत राहिला, केवळ तोंड रिकामं राहू नये म्हणून. वाडगा संपला. त्याचे परिणाम आम्ही दुपारभर खिडकी उघडी ठेवून भोगले.

तीन वाजता राजाचं भाषण. वन्सं ते दर वर्षी उभ्या राहून ऐकतात. पण ते होतं दुसऱ्या चॅनलवर. कर्स्टीनं त्या वेळेला मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा लावली होती.

“लाव की रे भाषण,” वन्सं म्हणाल्या.

“नाही.”

“क्लिफर्ड, राजा आहे तो.”

“असू दे. त्याच्या पोरीची नोकरी टांगणीला नाहीये.”

वन्सं उठल्या, डोक्यावरचा कागदी मुकुट काढून उशीवर ठेवला आणि भाषण ऐकायला स्वयंपाकघरातल्या रेडिओसमोर जाऊन उभ्या राहिल्या. क्लिफर्ड कुत्र्यांकडे बघत बसला. हूं नाही की चूं नाही.

मला वाटलं होतं, एकदा तरी शांत नाताळ मिळेल, माझ्या कानांना सुट्टी. कसलं काय. असा भकास दिवस मी आयुष्यात काढला नाही. पडद्यावर लोक नाचतायत, हसतायत, आणि आमच्या खोलीत सुतक. वन्सं तर कंटाळून माझ्याशी गोड बोलायला लागल्या. तेव्हा मात्र मी घाबरले.

संध्याकाळी कर्स्टीचा फोन आला. क्लिफर्डला कानाशी धरून ऐकू येत नाही, म्हणून मी स्पीकर लावून फोन त्याच्या हातात दिला.

“बाबा? बघितलंस?”

“बघितलं की.”

“मग?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले.

“छान होतं,” क्लिफर्ड म्हणाला. “सगळंच छान होतं.”



आता क्लिफर्डचं ‘छान’ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कर्स्टीनं मागे एक पोनीटेलवाला मुलगा घरी आणला होता, तो आमच्या गालिच्यावर अनवाणी मांडी घालून बासरी वाजवत बसला. तो गेल्यावर क्लिफर्ड ‘छान मुलगा आहे’ एवढंच म्हणाला. पुढच्या महिन्यात पोरीनं त्याची साखरपुड्याची अंगठी परत केली. मावसभावाच्या अंत्यविधीनंतरची शिळी सँडविचं, तीही ‘छान’ होती. ज्या गोष्टीचं आता काही होऊ शकत नाही, तिला क्लिफर्ड छान म्हणतो.

“इतकं वाईट होतं?” कर्स्टीचा आवाज चिरका झाला. “बाबा, एक शब्द बोलावासा वाटला नाही तुला? एकही?” आणि तिनं भोकाड पसरलं. तिशी उलटलेली बाई, चॅनलच्या ऑफिसात.

माझं डोकं फिरलं. तिनंच सांगितलं म्हणून मी याचं तोंड शिवलं, आणि आता रडतेय कोण, तर तीच. बापलेक दोघंही एकाच माळेचे मणी. पण पोटची पोर रडत होती.

“क्लिफर्ड,” मी म्हटलं, “तोंड उघड.”

“ग्रेव्ही?”

“ग्रेव्ही गेली खड्ड्यात. बोल.”

मग जे धरण फुटलं म्हणता.

“ते बिस्किटांचं चर्च सकाळी का लावलंस? सकाळी घराघरांतून बायका बटाटे सोलतात, बघणार कोण? ते चहाच्या वेळेला, हातात केक असताना लावायचं. आणि तो रडका, त्याला मनोरा आधी बांधायला सांगितलं कुणी? जेवायच्या वेळेला प्रेत, कर्स्टी? तो पाद्री पडला तेव्हा मी बटाटा घेत होतो. खून रात्री करायचे, आत्या झोपल्यावर.”

“मी झोपत नाही,” वन्सं म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. “आणि खून जेवतानाच बरा.”

“तू गप्प बस, ऑड्री, तू भाषणाला गेली होतीस. आणि मेंढ्या—” क्लिफर्ड थांबला. “मेंढ्या ठीक होत्या.”

“ठीक?” फोनमधला हुंदका मध्येच अडला.

“ठीक म्हणालो. डोक्यावर चढू नकोस. पण तो काळा कुत्रा शेवटी ठेवायला हवा होता. पुढच्या वर्षी तो शेवटी ठेव.”

“बाबा, पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही ते जानेवारीत ठरणार आहे.”

“मग त्यांना सांग ना तसं,” क्लिफर्ड चिडून म्हणाला. “पुढच्या वर्षी हे दुसऱ्याच कुणी लावलं, तर मी कुरकुर कुणापाशी करायची? कुठल्या तरी परक्या माणसापाशी?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“आणखी काय काय आहे?” कर्स्टीनं विचारलं.

“बरंच आहे. तुला वेळ असेल तर.”

“बोल, बाबा. सगळं सांग,” ती म्हणाली. “इथे मी एकटीच बसलेय.”

क्लिफर्डनं खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला आणि सकाळच्या चर्चपासून पुन्हा सुरुवात केली.